अस्सल तसबीर आणि दुरुस्त नक्कल

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली, लगोलग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग निघाला, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी एतद्देशीय मंडळी तीत प्रावीण्य पावली; पुढील दोन-तीन पिढ्यांत सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत वाडवडिलांच्या तसबिरी विराजमान झाल्या. परंतु ज्या चांदीच्या कणांनी त्या प्रतिमा साकारल्या त्यांना, आणि ते कण धरून ठेवणाऱ्या अंड्यातील पांढऱ्या बलकाच्या किंवा जिलेटिनच्या थराला, आपल्याकडील पावसाळा कधीच मानवला नाही. ओल धरलेल्या भिंतीवर बुरशी चढे, कसर कागद कुरतडी, धूप-उदबत्तीचा धूर चौकटीच्या फटींतून आत शिरे, आणि जिलेटिन एकदा काचेला चिकटले की तसबीर बाहेर काढताना चेहराच काचेवर राहून जाई.

अशा वेळी लोक स्टुडिओतल्या रिटचिंग करणाऱ्या कारागिराकडे धाव घेत. तो जीर्ण फोटोवरून पुन्हा फोटो काढी, निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिल आणि बारीक सुरी चालवी, प्रतीवरील पांढरे ठिपके चार केसांच्या कुंचल्याने बुजवी. पण जेथे मुळात काहीच उरलेले नसे तेथे तो घरातील वडीलधाऱ्यांना विचारी, की आजोबांची पगडी कोणत्या घाटाची होती, आजींच्या नथीत मोती किती होते, गालावर देवीचे व्रण होते की नव्हते. चूक त्याच्याही हातून होई. तथापि तिला त्या माणसाला पाहिलेल्यांची साक्ष असे.

१९९० साली फोटोशॉप बाजारात आले, आणि हेच काम संगणकाच्या पडद्यावर होऊ लागले. आजची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मात्र कोणालाच विचारत नाहीत. असंख्य परक्या चेहऱ्यांवरून शिकून, नष्ट झालेल्या जागी काय असणे संभवते एवढे ती ठरवतात, आणि तो संभव इतक्या तेजस्वी स्पष्टतेने रेखाटतात की पाहणाऱ्यास तोच दाखला वाटावा. समूहचित्रातील पुसट, लहान चेहऱ्यांवर हा अन्याय सर्वाधिक होतो: व्रण मिटतात, त्वचा नितळ होते, पगडीची घडण बदलते, आणि तिच्याबरोबर प्रांताची व पेशाची खूणही जाते. कंबोडियातील तुओल स्लेंग तुरुंगात डांबलेल्या बंदिवानांच्या छायाचित्रांना रंग देताना काहींच्या मुखावर चक्क हास्य चढवले गेले; २०२१ साली त्या देशाच्या शासनाने निषेध नोंदवला, तेव्हा ती चित्रे मागे घेण्यात आली.

या साधनांचा मी विरोधक नाही. भेग सांधावी, डाग काढावा, विटलेला रंग उजळावा, यात त्यांचे साहाय्य मोलाचे आहे. पण जुनी पत्रे छापताना आपल्या इतिहाससंशोधकांनी कागद फाटलेल्या जागी टिंबे देण्याची जी शिस्त पाळली, ती छायाचित्रांनाही लागू व्हावयास हवी. म्हणून वाचकांस विनंती, की घरची तसबीर दुरुस्तीस देण्यापूर्वी तिची आहे त्या अवस्थेतील स्कॅन-प्रत जपून ठेवावी, मूळ फोटो टाकू नये, त्याच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने व्यक्तींची नावे आणि गाव लिहावे, आणि नव्या प्रतीखाली ‘यंत्राने दुरुस्त केलेली नक्कल’ असा स्पष्ट शेरा मारावा.