डाव्या अंगाचा धक्का

उत्तर युरोपातील दर्यावर्दी लोकांच्या जुन्या गलबतांना सुकाणू पिछाडीस मध्यावर नसे. उजव्या अंगास बांधलेले एक रुंद वल्हेच ते काम करी, आणि नॉर्वेत 1904 साली उत्खननात सापडलेल्या ओसेबर्ग येथील गलबतावर ते त्याच बाजूस होते. हे वल्हे धक्क्याच्या दगडांवर आपटून मोडू नये म्हणून गलबत डाव्या अंगानेच लावण्याचा दस्तूर पडला. पुढे सुकाणू मध्यावर आले, तरी त्या अंगाचे बंदराशी असलेले नाते सुटले नाही. उजव्या बाजूचा ‘स्टारबोर्ड’ आणि डाव्या बाजूचा ‘लार्बोर्ड’ हे पुकारे कानाला सारखेच लागत, म्हणून ब्रिटिश आरमाराने 1844 साली हुकूम काढून डाव्या बाजूस ‘पोर्ट’ हेच नाव कायम केले.

याच सुमारास जहाजाखाली मळसूत्री पंखा येत होता. हेंडनचा शेतकरी फ्रान्सिस पेटिट स्मिथ याने 1836 साली त्याचे पेटंट घेतले, आणि 1845 च्या एप्रिलमध्ये पंख्याच्या ‘रॅटलर’ने चाकांच्या ‘अलेक्टो’ला, तिची चाके विरुद्ध दिशेने पुऱ्या जोराने फिरत असतानाही, मागे ओढीत नेले. परंतु पंखा जहाजाला नुसता पुढेमागे नेत नाही, पिछाडीस थोडा बाजूलाही लोटतो. पुढे जाताना सुकाणू ही खोड झाकते. मागे जाताना पंख्याचा झोत सुकाणूवर पडत नाही आणि ती उघडी होते.

एका पंख्याच्या जहाजांत उजव्या हाताचा, म्हणजे मागून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणारा पंखा रूढ झाला. तो उलटा फिरविला की पिछाडी डावीकडे सरकते. योगायोगच म्हणावा, पण किती सुखाचा! कसलेला कप्तान नाळ किंचित तिरकी ठेवून डाव्या अंगाने सावकाश जवळ येतो, थोडेसे अंतर उरताच यंत्र उलटे घेतो. पिछाडीखाली पाणी उसळून पांढरे होते, वेग मरतो, आणि एवढे अवजड धूड आपण होऊन धक्क्याला समांतर येऊन टेकते. उजव्या अंगाने लागावयाचे तर हाच पंखा पिछाडी धक्क्यापासून दूर लोटतो. म्हणून जिची जागा कायम उजव्या अंगाची, त्या नावेला डाव्या हाताचा पंखा निवडणेच सोयीचे.

पुढे पातीच जागच्या जागी वळविता येतील असे पंखे निघाले. मागे येताना त्यांची फिरण्याची दिशा बदलत नाही, केवळ पात्यांचा कल पालटतो. तेथे उजव्या हाताचा पंखा ठेवला असता, तर पिछाडी उजवीकडे गेली असती आणि कप्तानांच्या अंगवळणी पडलेली रीत उलटली असती. म्हणून अशा पुष्कळ जहाजांना मुद्दाम डाव्या हाताचा पंखा बसवितात, आणि पिछाडी पूर्वीप्रमाणे डावीकडेच येते.