ऑगस्टची पाने : एका महिन्याचे दिनविशेष

दिनदर्शिकेचे कोणतेही पान उलटले तरी प्रत्येक तारखेच्या पोटात काही ना काही इतिहास दडलेला आढळतोच. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एका महिन्याचे दिनविशेष लिहावेत असे ठरले, तेव्हा मी ऑगस्ट निवडला. एक तर हा चातुर्मासातील महिना. दुसरे असे की, कापडाच्या धंद्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला या महिन्यात वस्त्राचे धागे पावलोपावली सापडतात. आपला व्यापारी समाज सण तिथीने साजरे करतो व देणी-घेणी तारखेने भागवतो. खतावणीतील तारीख चुकू नये म्हणून आपण जागतो, परंतु आपल्याच थोर पुरुषांच्या तारखा आपल्या दिनदर्शिकांतून गळून पडल्या आहेत, ही खंत या लेखामागे आहे.

प्रथम महिन्याच्या नावाविषयी. रोमन सम्राट ऑगस्टस याच्या सन्मानार्थ इसवी सनापूर्वी ८ मध्ये हे नाव पडले. त्याने फेब्रुवारीचा एक दिवस काढून आपल्या महिन्यास जोडला, ही शाळेत ऐकलेली कथा मात्र मागाहून रचलेली आहे. ज्युलियस सीझरने पंचांग सुधारले तेव्हाच हा महिना एकोणतीस दिवसांचा एकतीस दिवसांचा झाला होता. सम्राटाच्या खात्यावर ही उधारी उगाच चढली.

महिन्याचा प्रारंभच शोकाने होतो. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळील सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला. गांधीजींनी असहकाराच्या आरंभासाठी ठरविलेला दिवसही तोच होता. एक पर्व मावळले आणि दुसरे उगवले, तेही एकाच दिवशी. सांगली जिल्ह्यातील वाटेगावी अण्णा भाऊ साठे यांचा जन्मही त्याच दिवशीचा. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाले. त्या मोहिमेत सुधीर फडके यांच्यासारखा गायक-संगीतकारही उतरला होता, हे आजच्या पिढीस सांगावे लागते. ३ ऑगस्ट ही क्रांतिसिंह नाना पाटील यांची जन्मतारीख, वर्ष १९००. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे ते नायक.

४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. ५ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू-काश्मीरसंबंधीच्या ३७० व्या कलमाचा विषय संसदेत आला आणि पुढच्याच वर्षी त्याच तारखेस अयोध्येत राममंदिराचे भूमिपूजन झाले. ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमावर व ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. अहिंसा हा ज्यांचा परमधर्म आहे त्या वाचकांना या दोन तारखांवर भाष्य नको. ‘अप्सरा’ आणि हिरोशिमा दिनदर्शिकेत एकाच आठवड्यात शेजारी यावेत, एवढे मात्र नोंदवावेसे वाटते.

७ ऑगस्ट या दिवसापाशी मी थोडा थांबणार आहे. १९०५ साली या दिवशी कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये भरलेल्या प्रचंड सभेत विलायती मालावर बहिष्कार घालण्याचा ठराव झाला. लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी जाहीर केली होती, त्याचे हे उत्तर. बहिष्काराचा पहिला घाव पडला तो मँचेस्टरच्या कापडावर. साम्राज्याची नाडी कापडाच्या गाठींत आहे, हे त्या पुढाऱ्यांनी अचूक ओळखले होते. त्याच वर्षी पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली, आणि सोळा वर्षांनी, ३१ जुलै १९२१ रोजी, गांधीजींच्या उपस्थितीत मुंबईत परळला. हे सारे वाचताना माझ्यातील दुकानदार एक प्रश्न विचारतो : ज्यांच्या वखारीत विलायती ठाणे भरलेली होती, ज्यांनी त्यावर व्याजाने रक्कम उचलली होती, त्या व्यापाऱ्यांचे काय झाले असेल? स्वदेशीची किंमत वक्त्यांबरोबर त्यांनीही मोजली. पुढे २०१५पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

याच ७ ऑगस्टला, १९०१ साली, वीरचंद राघवजी गांधी यांचे निधन झाले. त्यांचा जन्म २५ ऑगस्ट १८६४चा, सौराष्ट्रातील महुवा येथील. म्हणजे सदतीस वर्षे पूर्ण होण्यास अवघे अठरा दिवस उरले होते! एवढ्या अल्पायुष्यात या पुरुषाने जे केले ते पाहून मन थक्क होते. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली पदवी घेतली. पुढील वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे चिटणीसपद आले. पालिताणा येथे शत्रुंजयच्या यात्रेकरूंवरील कराचा तंटा मिटविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सम्मेदशिखरजीच्या पवित्र पहाडावर डुकरांच्या चरबीचा कारखाना निघाला, तेव्हा त्याविरुद्धचा लढा लढण्यासाठी ते कोलकात्यास जाऊन राहिले आणि मूळ कागदपत्रे वाचता यावीत म्हणून बंगाली शिकले. वकिलावर सारे सोपवून घरी बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी महाराज यांना आले. साधुधर्मानुसार त्यांना समुद्र ओलांडणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी वीरचंदजींना पाठविले. त्याच व्यासपीठावर स्वामी विवेकानंद होते. स्वामीजींचे शिकागो आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकातून ठाऊक असते. काठियावाडी पगडी घालून त्याच सभेपुढे जैन दर्शन मांडणारा हा एकोणतीस वर्षांचा तरुण मात्र आपल्याच पाठशाळांत अनोळखी राहिला. येत्या वर्षीच्या दिनदर्शिकेत तरी ७ व २५ ऑगस्ट या दोन्ही चौकटींत त्यांचे नाव यावे, अशी विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला. अध्यक्षस्थानी मौलाना आझाद होते. ‘करेंगे या मरेंगे’ हा मंत्र गांधीजींनी त्याच रात्री दिला आणि ९ तारखेच्या पहाटे धरपकड झाली. गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, तर नेहरू, पटेल, आझाद प्रभृती नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले. अवघ्या सहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई आगाखान पॅलेसमध्येच निवर्तले. पाच वर्षांनी त्याच तारखेस देश स्वतंत्र झाला, ते पाहावयास ते नव्हते. १९२५ सालच्या ९ ऑगस्टला काकोरी येथे क्रांतिकारकांनी रेल्वेतील सरकारी खजिना लुटला होता.

१० ऑगस्ट हा संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्मदिन, वर्ष १८६०. परंतु या तारखेने आपल्या समाजाला एक वेगळाच घाव दिलेला आहे. २०१५ साली या दिवशी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा, अर्थात सल्लेखना, हे व्रत आत्महत्येसमान व दंडनीय ठरविले. २४ ऑगस्टला देशभर गावोगावी मूक मोर्चे निघाले, बाजारपेठा बंद राहिल्या. दिगंबर-श्वेतांबर, स्थानकवासी-तेरापंथी असा भेद त्या दिवशी कोणी केला नाही. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. एकवीस दिवसांचा हा सारा घटनाक्रम एकाच महिन्यात घडला. क्रोध, भय वा निराशेपोटी जीव देणे निराळे आणि कषाय क्षीण करीत, गुरूंच्या आज्ञेने, शांतचित्ताने देहाचा मोह सोडणे निराळे, हा भेद न्यायासनापुढे मांडण्यासाठी आपल्याकडे शास्त्र आणि कायदा दोन्ही जाणणारी किती माणसे आहेत? वीरचंदजींची आठवण येते ती अशा वेळी.

११ ऑगस्ट १९०८ रोजी मुझफ्फरपूरच्या तुरुंगात अठरा वर्षांचा खुदीराम बोस फासावर गेला. त्यानंतर बंगालच्या विणकरांनी धोतराच्या काठात त्याचे नाव विणले व ती धोतरे तरुणांनी आवडीने नेसली. कापडाच्या काठावर इतिहास लिहिला गेल्याचे याहून बोलके उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादेत विक्रम साराभाई जन्मले. घराणे कॅलिको मिलचे, जैन परंपरेतले. त्यांना आपण अवकाशशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो, पण अहमदाबादच्या गिरण्यांसाठी ‘अटीरा’ ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था उभारण्यात १९४७ साली त्यांचाच पुढाकार होता. १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रोची स्थापना झाली आणि २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३चे जे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीक उतरले, त्याचे नाव ‘विक्रम’.

१३ ऑगस्ट १७९५ ही पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांची पुण्यतिथी. त्यांची मंदिरे व घाट सर्वांस ठाऊक आहेत. महेश्वरला विणकरांना आश्रय देऊन त्यांनी जी पेठ वसविली, ती आजही साड्या विणते. उलटसुलट कशीही नेसता येणारा महेश्वरीचा काठ गिऱ्हाइकाला दाखविताना मी हे नाव आवर्जून सांगतो. याच तारखेला १८९८ साली आचार्य अत्रे जन्मले. १४ ऑगस्ट १८६२ला मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले. १९४७ साली याच दिवशी पाकिस्तान अस्तित्वात आले.

१५ ऑगस्टविषयी नव्याने काय सांगावे? एक गोष्ट धंद्यातली सांगतो. राष्ट्रध्वज हाताने कातलेल्या व हाताने विणलेल्या कापडाचाच असावा, असा नियम होता. डिसेंबर २०२१मध्ये ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजासही मुभा मिळाली. २०२२च्या ‘हर घर तिरंगा’ मोहिमेत घरोघरी ध्वज पोहोचले, याचा आनंदच आहे. तरीही खादीच्या तिरंग्याची घडी उलगडताना हाताला जो स्पर्श होतो तो पॉलिएस्टरला नाही, हे कापडाची पारख असलेला कोणीही सांगेल.

१६ ऑगस्ट १९४६ला कोलकात्यात भीषण दंगल उसळली. १७ ऑगस्ट १९०९ला मदनलाल धिंग्रा लंडनमध्ये फासावर गेले. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैवानमध्ये नेताजींच्या विमानाला अपघात झाला. कुरुंदवाडात १८७२ साली १८ ऑगस्टलाच जन्मलेले गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुस्कर १९३१ साली २१ ऑगस्टला मिरजेत वारले. मधल्या १९ तारखेस, १८३९ साली, पॅरिसमध्ये छायाचित्रणाची कृती जगापुढे खुली झाली. २० ऑगस्ट १८२८ला राजा राममोहन राय यांनी ब्राह्मसभा स्थापन केली, आणि २०१३ साली त्याच दिवशी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. सुधारकांच्या वाट्याला दोन शतकांत काय आले ते या एका चौकटीत दिसते.

२२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे मादाम कामा यांनी परक्या भूमीवर हिंदुस्थानचा ध्वज फडकविला. तो मूळ ध्वज इंदुलाल याज्ञिकांनी मायदेशी आणला व तो पुण्याच्या केसरीवाड्यात जतन झाला. पुण्यास जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून तो पाहावा.

२४ ऑगस्ट १६०८ला कॅप्टन हॉकिन्सचे ‘हेक्टर’ जहाज सुरतेस लागले. ईस्ट इंडिया कंपनी प्रथमच आपल्या किनाऱ्यावर आली. पुढे सुती कापड हाच कंपनीच्या सुरतेतील व्यापाराचा कणा झाला. त्या शतकात सुरतेचा जैन सावकार वीरजी व्होरा खुद्द कंपनीला कर्ज देत असे! जो देश कापड विकून इंग्रजांना ऋणको करीत होता, त्याला दोनशे वर्षांत मँचेस्टरचे कापड विकत घ्यावे लागले. १६०८च्या या तारखेपासून १९०५च्या ७ ऑगस्टपर्यंतचा प्रवास म्हणजे आपल्या धंद्याचीच कुळकथा होय.

२५ ऑगस्ट २००३ला झवेरी बाजार व गेटवे येथे बाँबस्फोट होऊन पन्नासाहून अधिक जीव गेले. पोटापाण्यासाठी पेठेत आलेली ती माणसे होती. २६ ऑगस्ट १९१० हा मदर तेरेसांचा जन्मदिन. २७ ऑगस्ट १८८३ला क्राकाटोआ ज्वालामुखीच्या महास्फोटाने छत्तीस हजारांवर माणसे दगावली. २८ ऑगस्ट १९६३ला मार्टिन ल्यूथर किंग यांचे ऐतिहासिक भाषण वॉशिंग्टनमध्ये झाले. २९ ऑगस्ट १९४७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह घटनेच्या मसुदा समितीची नेमणूक झाली. ३० ऑगस्ट १९१६ला दक्षिण ध्रुवाकडील एलिफंट बेटावर अडकलेल्या आपल्या बावीस सोबत्यांना शॅकल्टनने सुखरूप सोडविले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी भटक्या जमातींवरील ‘जन्मजात गुन्हेगार’ हा ब्रिटिशांनी मारलेला शिक्का कायद्याने पुसला गेला. या तारखेचा दुसरा मानकरी आपला आहे. मूळचे सुरतेचे, कापसाचे राजे शेठ प्रेमचंद रायचंद १९०६ साली या दिवशी वारले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशावर शेअरबाजारात वेड संचारले. त्या सट्ट्याचे सूत्रधार प्रेमचंदशेठच. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या व शेठही बुडाले. त्यांच्या सट्ट्याचे समर्थन मी करणार नाही, कारण त्यात सामान्य माणसेही धुळीस मिळाली. पण भरभराटीच्या दिवसांत त्यांनी विद्येसाठी दिलेले दान टिकले. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख व मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये त्यांनी दिले. मनोऱ्यास मातेचे, राजाबाईंचे नाव मिळाले. त्यांची दृष्टी गेली होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचे व्रत पाळण्यास त्यांना या घड्याळाच्या टोल्यांचा आधार होता, असे जुने लोक सांगतात. १८७८ साली पुरा झालेला तो मनोरा फोर्टात आजही वेळ सांगत उभा आहे.