कनूइंग व कयाकिंग

कनूइंग व कयाकिंग हे अरुंद, हलक्या होडीतून वल्ह्याच्या साहाय्याने केले जाणारे जलक्रीडाप्रकार आहेत. दोहोंत वल्हवणाऱ्याचे तोंड प्रवासाच्या दिशेला असते व वल्हे होडीला जोडलेले नसते. रोइंगमध्ये याउलट पाठ पुढे असते व वल्ही होडीला अडकवलेली असतात. तलाव, नदी, खाडी व समुद्र यांच्या पाण्याचे स्वभाव भिन्न असल्याने होडी, वेळ व दक्षता ही पाण्यानुसार ठरवावी लागतात.

होडी व वल्हे

कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे वापरतात. कनूमध्ये गुडघे टेकून किंवा आडव्या फळीवर बसून एकाच पात्याचे वल्हे चालवतात. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इनुइट लोकांची शिकारीची होडी असून तिच्या लाकडी वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणलेले असे. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी भूर्जवृक्षाच्या सालीपासून कनू तयार करीत. कोकणातील लहान होड्यांना तोल सांभाळण्यासाठी एका बाजूस जोडलेली ‘उलांडी’ ही अशाच अरुंद होडीच्या अस्थिरतेवरील देशी तोड होय.

स्थिर पाणी

नवशिक्यांसाठी तलाव व धरणांचे जलाशय सोयीचे असतात. मावळातील पवना जलाशयात कयाकिंग केले जाते. येथे प्रवाह नसला तरी दुपारनंतर वारा वाढून लाटा उठतात आणि काठापासून थोड्याच अंतरावर खोली एकदम वाढू शकते. त्यामुळे सकाळची वेळ व काठालगतचा मार्ग श्रेयस्कर.

वाहती नदी

खळाळत्या पाण्याची काठिण्यपातळी १ ते ६ अशा श्रेणींत मोजतात. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळील कुंडलिका नदीवर राफ्टिंग व कयाकिंग चालते. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील जलविद्युत केंद्रातून या नदीत येते. म्हणून प्रवाहाचा वेग पावसाइतकाच वीजनिर्मितीसाठी सोडलेल्या पाण्यावरही अवलंबून असतो. पाणी सोडण्याची वेळ जाणून घेतल्याविना नदीत उतरणे धोक्याचे आहे. नदीसाठीच्या कयाक आखूड असतात, जेणेकरून त्या चटकन वळवता येतात. खडक किंवा आडव्या पडलेल्या झाडाकडे होडी ओढली जाणे हा येथील सर्वांत गंभीर धोका होय.

खाडी

खाडीत पाण्याची दिशा दिवसातून चार वेळा बदलते. मीरा-भाईंदरच्या उत्तरेस उल्हास नदीच्या मुखाशी वसईची खाडी आहे. मीरा रोडच्या शांती नगरसारख्या वसाहतींतील रहिवाशांना ती मुख्यतः लोकल गाडीच्या पुलावरून परिचित असते. वरून संथ दिसणारे हे पाणी ओहोटीच्या वेळी समुद्राकडे जोराने धावते. भरतीबरोबर घोडबंदरच्या दिशेने जाणे व ओहोटीच्या प्रारंभी परतणे हा कमी श्रमाचा क्रम होय. परतण्यास उशीर झाल्यास तिवरांच्या कडेचा गाळ उघडा पडतो. त्यात पाय रुतत असल्याने होडी सोडून चालत किनारा गाठणे अशक्य ठरू शकते. पुलाच्या खांबांभोवतीचे भोवरे, तसेच २०२४ पासून सुरू झालेल्या वसई–भाईंदर रो-रो बोटीचा मार्ग यांपासून दूर राहावे लागते.

मुंबई परिसरात भरतीची वेळ तिथीवरून काढण्याची जुनी रीत आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. उदाहरणार्थ, चतुर्थीस सुमारे ३ वाजता व अष्टमीस सुमारे ६ वाजता पूर्ण भरती असते; त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास ‘उधाण’ असून प्रवाह तीव्र असतो, तर अष्टमीच्या सुमारास ‘भांग’ असल्याने तो मंद असतो. नवशिक्यांनी भांगाचे दिवस निवडावेत. प्रत्यक्ष नियोजनासाठी मात्र भरती-ओहोटीचे अधिकृत कोष्टकच पाहावे.

समुद्र

सागरी कयाक लांब व सरळ रेषेत चालणारी असते. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणारा वारा फसवा असतो, कारण काठाजवळ पाणी शांत दिसते आणि परतीच्या वेळी वारा समोरून येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तारकर्लीजवळ कर्ली नदी व समुद्र शेजारी असल्याने दोन्ही पाण्यांतील फरक सहज अनुभवता येतो. नारळी पौर्णिमेपूर्वी होडी समुद्रात न लोटण्याची कोळी समाजाची परंपरा पावसाळी समुद्राच्या अनुभवातून आलेली असून ती क्रीडाप्रेमींनाही तितकीच लागू पडते.

स्पर्धा

स्कॉटिश प्रवासी जॉन मॅकग्रेगर याने १८६५ मध्ये ‘रॉब रॉय’ या होडीतून युरोपात केलेल्या प्रवासामुळे हा छंद लोकप्रिय झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून संथ पाण्यावरील शर्यतींचा व १९७२ मध्ये प्रथमच खळाळत्या पाण्यावरील स्लॅलमचा समावेश झाला. स्पर्धांच्या नावांतील ‘के’ म्हणजे कयाक, ‘सी’ म्हणजे कनू व पुढील अंक म्हणजे खेळाडूंची संख्या. २०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत अर्जुन सिंग व सुनील सिंग सलाम यांनी सी-२ १००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. प्राची यादव या पॅरालिंपिकमध्ये पॅराकनू प्रकारात सहभागी झालेल्या पहिल्या भारतीय खेळाडू आहेत.

सुरक्षितता

पोहता येत असले तरी जीवरक्षक जाकीट अंगात घालून बांधणे आवश्यक असते. होडीत नुसते ठेवलेले जाकीट होडी उलटल्यावर हाती लागत नाही. खळाळत्या नदीत शिरस्त्राण वापरतात. एकट्याने न जाणे, परतीची वेळ काठावरील व्यक्तीस सांगून ठेवणे आणि होडी उलटल्यास तिला धरून राहणे हे नियम सर्व पाण्यांना समान आहेत. स्थिर पाण्यात होडी उलटवून बाहेर पडण्याचा सराव प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली झाल्यानंतरच नदी, खाडी किंवा समुद्राकडे वळावे.