संगणक जालांतील खाते-व्यवस्था

निरनिराळ्या उत्पादकांचे व निरनिराळ्या परिचालन प्रणालींवर चालणारे, परंतु एका जालात जोडलेले संगणक एकाच नावाने व एकाच परवलीच्या शब्दाने वापरता यावेत, यासाठी केलेली व्यवस्था. वापरणाऱ्याची ओळख पटविणे व त्याचे अधिकार ठरविणे ही तिची दोन अंगे होत.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे १९६१ मध्ये फर्नांदो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली एक संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची प्रणाली सिद्ध झाली. प्रत्येकाच्या फायली खाजगी राहाव्यात म्हणून तीत परवलीचे शब्द योजण्यात आले. पुढे संगणकांची संख्या वाढली, तशी प्रत्येक यंत्रावर वेगळे खाते ठेवणे जिकिरीचे ठरले. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० नंतरच्या दशकात खात्यांची समाईक यादी यूनिक्स संगणकांना पुरविण्याची सोय केली. तथापि जालावरून जाणारे संदेश चोरून वाचले जाण्याचा धोका कायम राहिला.

एमआयटीने डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन व आयबीएम यांच्या साहाय्याने १९८३ मध्ये ‘अथीना’ प्रकल्प सुरू केला. त्यातून ‘कर्बेरॉस’ ही पद्धती निघाली. ग्रीक पुराणकथांतील पाताळाच्या द्वाररक्षक कुत्र्यावरून तिला हे नाव पडले. नीडहॅम व श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या योजनेवर ती आधारलेली आहे. तीत परवलीचा शब्द जालावरून पाठविला जात नाही. मध्यवर्ती संगणक मर्यादित मुदतीचे सांकेतिक तिकीट देतो व ते दाखवून इतर सेवा मिळतात. मुदत तपासावयाची असल्याने सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. खात्यांची माहिती शोधण्यासाठी मिशिगन विद्यापीठात १९९३ च्या सुमारास ‘एलडॅप’ हा सुटसुटीत संकेत तयार झाला.

मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये या दोहोंचा अवलंब केला. परंतु अन्य प्रणालींना त्यांच्याशी पूर्णपणे जुळवून घेण्यास लागणारा तपशील खुला नव्हता. यूरोपीय आयोगाने २००४ मध्ये कंपनीला सु. ४९.७ कोटी यूरो दंड केला व फायली, छपाई आणि खाते-व्यवस्थापन या सेवांचे संकेत प्रतिस्पर्ध्यांना उपलब्ध करण्याचा आदेश दिला. न्यायालयाने २००७ मध्ये हा निर्णय मुख्यत्वे उचलून धरला. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘सांबा’ या मुक्त प्रणालीच्या कर्त्यांना ही कागदपत्रे मिळाली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली तिची चौथी आवृत्ती विंडोज जालाचे मध्यवर्ती नियंत्रण करू लागली.

या व्यवस्थेमुळे सेवा सोडून गेलेल्या व्यक्तीचे सर्व प्रवेश एका नोंदीने बंद करता येतात. उलट, मध्यवर्ती संगणक परक्याच्या हाती पडल्यास सर्वच द्वारे उघडी होतात. म्हणून त्याचे रक्षण हा या व्यवस्थेचा गाभा ठरतो.