ओल्या जखमेवरचा गोंद

जखम शिवायची म्हणजे तिचे काठ जवळ आणायचे आणि मांस भरून येईपर्यंत तसेच धरून ठेवायचे. सुश्रुतसंहितेत यासाठी ताग, जवस यांच्या धाग्यांपासून केसांपर्यंत नाना प्रकारचे दोरे सांगितले आहेत. फाटलेल्या आतड्याचे काठ मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चाववून घ्यायचे आणि मग मुंग्यांची धडे तोडून डोकी तिथेच ठेवायची, अशी रीतही त्यात आहे. सुईदोऱ्याची जागा गोंदाला इतकी शतके घेता आली नाही, कारण शरीर आतून ओले असते आणि ओल्यावर गोंद टिकत नाही.

पहिली वाट रक्तानेच दाखवली. रक्त गोठते ते फायब्रिन या प्रथिनाच्या जाळ्यामुळे. 1940 साली इंग्लंडमध्ये यंग आणि मेडावार यांनी गोठणाऱ्या रक्तद्रवाने प्राण्यांच्या तुटलेल्या मज्जातंतूंची टोके जोडली. पुढे 1972 मध्ये व्हिएन्नात हेलेन मात्रास यांनी दाट फायब्रिन वापरून हे तंत्र पुन्हा उभे केले. हा गोंद शरीरात निर्धोकपणे विरघळतो, पण त्याची पकड कमी. शिवाय तो मानवी रक्तापासून बनत असल्याने काविळीच्या संसर्गाची भीती होती. अमेरिकेत व्यापारी फायब्रिन गोंदाला 1998 पर्यंत परवानगी मिळाली नाही.

दुसरी वाट निघाली कारखान्यातून. 1942 साली कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर यांचा गट बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होता. सायनोअॅक्रिलेट हाताशी आले, पण ते दिसेल त्याला चिकटे, म्हणून बाजूला पडले. 1951 मध्ये फ्रेड जॉयनर यांनी त्याचा थेंब महागड्या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये ठेवला आणि लोलक सुटेनात. तेव्हा दोषच गुण ठरला. हा पदार्थ घट्ट होतो तो हवेतल्या नि त्वचेवरच्या ओलाव्यामुळेच. इतर गोंदांचा शत्रू याचा मदतनीस होता. व्हिएतनाम युद्धात वाहते रक्त थांबवून जखमी शस्त्रक्रियेपर्यंत जिवंत राहावेत, म्हणून तो फवारून वापरला गेला. मात्र हा मूळ, आखूड साखळीचा प्रकार शरीरात लवकर मोडतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटते. ऊतींना त्याची इजा होते. लांब साखळीचा ऑक्टिल प्रकार सावकाश मोडतो. त्याला अमेरिकेत 1998 मध्ये मान्यता मिळाली. लहान मुलांच्या कपाळावरची खोक त्याने सुईशिवाय मिटते, ही फार मोठी सोय. पण तो त्वचेवरच लावायचा. सांध्यांसारख्या सतत ताण पडणाऱ्या जागी तो पुरत नाही.

आतल्या धडधडत्या अवयवांसाठी संशोधक निसर्गाकडे वळले. समुद्राच्या लाटांतही खडकाला धरून राहणाऱ्या शिंपल्यांच्या प्रथिनांत डोपा हा घटक विपुल असतो, हे हर्बर्ट वेट यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले. 2017 मध्ये हार्वर्डच्या गटाने बिनशंखाच्या गोगलगायीच्या चिकट स्रावावरून दोन थरांचा गोंद बनवला. एक थर धनभारित असून ऊतींना चिकटतो, दुसरा पाण्याने भरलेला, ताणला जाणारा, ओढ सोसणारा. प्रयोगात रक्ताने माखलेल्या डुकराच्या हृदयावरही त्याची पकड सुटली नाही.