ब्रेकचा इशारा-दिवा (मोटरहोम)

मोटरहोमच्या डॅशबोर्डवरचा लाल दिवा. चिन्ह म्हणजे वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस. हॅन्डब्रेक ओढलेला राहिला किंवा ब्रेक ऑइलची पातळी घटली की तो पेटतो. काही गाड्यांत पॅड झिजल्यावरही. चावी फिरवल्यावर तो क्षणभर लागून विझायला हवा. लागलाच नाही तर बल्ब, फ्यूज किंवा वायर तपासावी, कारण अशी गाडी बिघाड झाला तरी गप्पच राहणार. पिवळा एबीएस दिवा वेगळा. तो एकटाच लागला तर साधे ब्रेक सहसा चालू असतात, फक्त पेडल करकचून दाबल्यावर चाके अडकू शकतात. लाल आणि पिवळा एकदम लागले तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी.

गोव्यात पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत मोटरहोमच्या ब्रेकची दुखणी निरनिराळी असतात.

पेडण्यात कारण समुद्राचे. हरमल, मांद्रे, केरी या किनारी गावांत परदेशी प्रवाशांची मोटरहोम हिवाळ्यात मुक्काम ठोकतात. खाऱ्या दमट हवेत दीर्घकाळ उभ्या गाडीची हॅन्डब्रेकची केबल गंजते आणि लायनर ड्रमला चिकटतात. मग लिव्हर खाली जातो, दिवाही विझतो, पण मागचे चाक आवळलेलेच राहते. थोडे अंतर चालवून रिमजवळ हात नेला, न टेकवता, तर एका चाकाची धग वेगळी कळते. मुक्कामाला चाकांना उटी लावून हॅन्डब्रेक मोकळा ठेवणे हा यावरचा सोपा उपाय. ब्रेक ऑइलच्या टाकीवरचा कनेक्टर गंजल्यास उलट प्रकार होतो: ऑइल पुरेसे असूनही दिवा जळत राहतो. बहुतेक जुन्या गाड्यांत तो कनेक्टर काढताच दिवा विझला, तर दोष टाकीतल्या तरंगत्या स्विचमध्ये किंवा त्या कनेक्टरमध्येच असतो. ही चाचणी ऑइलची पातळी डोळ्यांनी पाहिल्यानंतरच करावी.

पातळी खरोखर घटलेली असेल तर नुसते ऑइल ओतून निघणे ही सर्वांत घातक सवय आहे. ब्रेक ऑइल इंधनासारखे जळून संपत नाही. पॅड झिजले की ते कॅलिपरमध्ये उतरते, नाहीतर कुठून तरी गळते. म्हणून आधी पॅडची जाडी पाहावी, मग चारही चाकांची आतली बाजू, रबरी नळ्या आणि मास्टर सिलिंडर. पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू बुडत असेल, तर गाडी चालवूच नये. टो करून न्यावी.

भारतात बनणारी अनेक मोटरहोम फोर्स ट्रॅव्हलरवर उभारलेली असतात. पुण्याच्या बजाज टेम्पोने १९८७ मध्ये आणलेली ही गाडी मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनवर आधारलेली होती. त्यामुळे जर्मनीतून आलेल्या जुन्या टी-१ ची एकंदर ठेवण इथल्या मिस्त्रीला अगदीच परकी वाटत नाही. सुटा भाग जसाच्या तसा बसेल असे मात्र गृहीत धरू नये.

डिचोलीकडे कारण घाटाचे. बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे येणारा रस्ता चोर्ला घाट उतरून सत्तरीत येतो आणि साखळीमार्गे डिचोलीला पोचतो. साडेतीन टनांची गाडी ७०० मीटर खाली येते तेव्हा सुमारे २४ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ७० लिटरहून अधिक पाणी उकळीला आणण्याइतकी ती उष्णता. इंजिनाने ती शोषली नाही तर बराचसा भार ब्रेकवर येतो. नवे डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण हवेतली ओल शोषल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत घसरू शकते. गोव्याचा पावसाळा बाहेर उभ्या राहून काढलेल्या गाडीत हा धोका खराच आहे. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, पेडल मऊ पडते आणि ब्रेक लागत नाहीत. या क्षणी लाल दिवा बहुधा पेटतच नाही, कारण टाकीतली पातळी ठीक असते. घाटात दिव्यापेक्षा पायाला लागणाऱ्या पेडलवर विश्वास ठेवावा तो याचसाठी.

त्यामुळे उतारावर खालचा गिअर आधीच टाकावा, ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा वेळ जोराने दाबून सोडावा आणि गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये. इंजिन बंद झाले तर बूस्टरची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे कडक होते. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्यावेत. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये. ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलावे. कंपनीने सांगितलेलाच डॉट वर्ग वापरावा, आणि सिलिकॉनचे डॉट ५ इतर ऑइलमध्ये मिसळू नये. पॉवर स्टिअरिंगचे ऑइल चुकूनही ओतले तर रबरी सील फुगून निकामी होतात.

बसच्या चॅसीवर बांधलेल्या मोठ्या मोटरहोममध्ये बहुधा एअर ब्रेक असतात. तिथे इशारा हवेचा दाब घटल्याचा असतो, आणि दाब भरल्याशिवाय गाडी हलवू नये.

मदत मागवताना जागा नीट सांगावी. गोव्यात केरी नावाची दोन ठिकाणे या रस्त्यांवर भेटतात: पेडण्याचे केरी तेरेखोल नदीच्या मुखाशी, तर सत्तरीचे केरी चोर्ला घाटाच्या पायथ्याशी.