एक पाइपचा तुकडा

परवा आपल्या एमआयडीसीतले एक फिटरमामा भेटले. म्हणाले, "साहेब, पंपाचं सील मागवून तीन महिने झाले. परचेसवाले म्हणतात, चालतंय ना? मग चालू दे." ऐकलं आणि मला भोपाळ आठवलं.

भोपाळ म्हटलं की आपल्याला विषारी वायू आठवतो, अँडरसन आठवतो. पण ती गोष्ट मेंटेनन्सचीसुद्धा आहे, हे फारसं कुणी बोलत नाही.

युनियन कार्बाइडचा हा कारखाना कीटकनाशकं बनवायचा. खप घसरला, तोटा वाढला आणि काटकसर सुरू झाली. १९८० ते १९८४ या काळात एमआयसी विभागातली माणसं १२ वरून ६ वर आली. रात्रपाळीच्या मेंटेनन्स सुपरवायझरची जागाच बंद झाली. एमआयसी थंड ठेवणारं यंत्र जून १९८४ मध्ये बंद केलं. वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर नुसता उभा होता. आणि निसटलेला वायू जाळून टाकणारी फ्लेअर? तिचा गंजलेला पाइपचा तुकडा काढला होता, नवा बसवायचा राहिला होता!

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० नंबरच्या टाकीत पाणी शिरलं. कसं शिरलं यावर वाद आहे, कंपनी घातपात म्हणते. ठीक आहे, क्षणभर तेही धरू. पण पाणी शिरल्यावर पुढचा अनर्थ रोखायला, निदान कमी करायला, जे होतं ते बंद होतं, त्याचं काय? सुमारे ४० टन वायू झोपलेल्या वस्त्यांवर गेला. सरकारने मान्य केलेले मृत्यू ३,७८७. संघटनांचा आकडा कितीतरी मोठा आहे.

धोका आधी दिसला नव्हता असंही नाही. डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एक कामगार गेला. त्यानंतर राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने १९८२ मध्ये आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकात शहराला सावध केलं. कुणी मनावर घेतलं नाही. छोट्या गावात पत्रकारिता करणाऱ्या माझ्यासारख्याला हे जास्तच टोचतं.

मेंटेनन्सचं असंच असतं बघा. पैसे वाचवले की ते लगेच ताळेबंदात दिसतात. न बसवलेला पाइप मात्र त्या एका रात्रीपर्यंत कुणाला दिसत नाही.

एमआयडीसीत काम करणाऱ्या मित्रांनो, तुमच्याकडे कुठला पार्ट कधीपासून पेंडिंग आहे? मला कळवा. नाव बाहेर येणार नाही.